दुसरं कडवं

आमच्या स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा बसवला, त्या दिवशी आमच्या ह्यांनी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीतल्या चार घरांना बोलावून तो दाखवला. "आता खाली बसायचं कामच न्हाय. समदं उभ्यानं. ममईत असंच असतंय," असं सांगताना त्यांची छाती फुगली होती. शेजारणी ओट्यावरून हात फिरवून गेल्या. मीही फिरवला. गार लागला, बरं वाटलं. महिन्याभरानं लक्षात आलं की माझं दिवसातलं होतं नव्हतं तेवढं बसणंही गेलं. गडमुडशिंगीला, माझ्या माहेरी, आई चुलीपुढं पाट घेऊन भाकऱ्या थापायची. धुरानं डोळे चुरचुरायचे, पण बाई बसलेली असायची. माझा ओटा झाला आणि मी जी उभी राहिले ती राहिलेच.

आमच्या ह्यांचं नाव मी तेव्हा घेत नव्हते, आता लिहितानाही घेणार नाही. आणि त्यांचं घेत नाही तर बाकीच्यांचं तरी कशाला घेऊ?

सकाळी मी शाळेत शिकवायचे. वर्गात खुर्ची होती, नाही असं नाही. पण समोर साठ पोरं असताना खुर्चीत बसणारी बाई आमच्या हेडमास्तरांना खपत नसे. ते व्हरांड्यातून फेऱ्या मारायचे आणि खिडकीतून आधी फळ्याकडं नाही, खुर्चीकडं बघायचे. शाळा सुटली की घर, म्हणजे ओटा. आणि आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी ह्यांचा ऑर्केस्ट्रा. त्यात वादकांना घडीच्या लोखंडी खुर्च्या असत. ढोलकीवाल्याला सतरंजी असे. गाणारी बाई मात्र माईकपुढं उभी. तीन तास. नायलॉनची साडी, केसात गजरा, तोंडावर हसू आणि टाचेत ठणका.

ऑर्केस्ट्रा म्हणजे तेव्हा सगळी सिनेमाची गाणी. लोकांना गाणं ऐकायचं नसायचं, रेडिओ ऐकायचा असायचा. कार्यक्रम संपला की कुणीतरी मंडळाचा कार्यकर्ता पुढं यायचा आणि म्हणायचा, "वैनी, डोळं मिटलं की फरकच कळंना बघा!" याहून मोठं कौतुक नव्हतं. अकरा वर्षं मी मुंबईच्या एका बाईच्या पातळ, उंच आवाजात गायले. माझा स्वतःचा आवाज खालचा, थोडा जाडसर. तो फक्त वर्गातल्या पोरांच्या वाट्याला यायचा, तेही ओरडताना.

आमचे हे ऑर्केस्ट्राचे मालक आणि निवेदकही. घरात "हाय, न्हाय, व्हय" बोलणारा माणूस, माईक हातात आला की "रसिकहो" म्हणायचा आणि अशी भाषा सुरू करायचा की मला प्रत्येक वेळी वाटायचं, हा कोण पाहुणा आलाय? माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना शिव्या घालाल. त्या काळात बायकोला स्टेजवर उभी करणं सोपं नव्हतं. त्यांच्या आईनं आठ दिवस अन्न सोडलं होतं. भावकीत बोलबोल झाली. ते मागं हटले नाहीत. "माझी बायको गाणार, बघायचं त्यानं बघा," असं तोंडावर सांगून आले. माझ्या अंगावर त्यांनी कधी हात उगारला नाही. फक्त, लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्या बारा वर्षांत "जरा बस" एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. त्यांना सुचलंच नव्हतं. ओट्यासारखीच मीही तिथं असायचे.

बस म्हणणारा माणूस दुसराच होता. आमचे ॲकॉर्डियनवाले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्या घरात तीन पिढ्या बँडमध्ये वाजवणाऱ्या. चाचांनी मात्र पेट्या दुरुस्त करायचं दुकान काढलं होतं. रस्त्यापासून दोन पायऱ्या उतरून जायची एक खोली, भिंतीला चुना, कोपऱ्यात भाते निघालेल्या पेट्यांचा ढीग आणि चामड्याचा वास. शनिवारी शाळा लवकर सुटायची. ती सुटली की मी नवीन गाण्याच्या तालमीला तिथं जायचे. दारात सावली पडली की चाचा मान वर न करता म्हणायचे, "ये पोरी. टेक की जरा पाठ."

भिंतीशी एक फळी टाकलेली होती. मी बसायचे, पाठ टेकायचे. चाचा पेटीच्या पितळी सूरपट्ट्या घासत राहायचे. दहा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. आठवड्याचं माझं बसणं ते एवढंच. खोटं कशाला सांगू, त्या दहा मिनिटांसाठीच मी शनिवारची वाट बघायचे, गाण्यासाठी नाही.

अशाच एका शनिवारी चाचांनी स्वतःच्या ॲकॉर्डियनच्या भात्याला नवा तुकडा चिकटवला होता. चामडं सुकलं की नाही, हवा कुठून जाते का, हे ते बघत होते. ॲकॉर्डियनला डाव्या हाताशी एक हवेचं बटण असतं. ते दाबून भाता ओढला की सूर लागत नाही, नुसती हवा आत येते आणि बाहेर जाते. हुश्श. वाजवताना तो आवाज ऐकू येऊ द्यायचा नसतो. आला तर वादकाची लाज. पण त्या दिवशी कार्यक्रम नव्हता. चाचा भाता ओढत होते, सोडत होते. हुश्श. हुश्श.

मी डोळे मिटून बसले होते. त्या सकाळी शाळेत तपासणी झाली होती आणि पाय पिंढरीपासून खाली माझे राहिले नव्हते. भात्याचा श्वास सुटला आणि त्याच्यामागून माझ्या तोंडून चाचांचंच वाक्य निघालं, "टेक की जरा पाठ." बोलले म्हणा, गायले म्हणा, दोन्हीच्या मधलं काहीतरी. आणि माझ्या स्वतःच्या आवाजात.

चाचांनी पुन्हा हवा सोडली. मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांनी भाता मांडीवर ठेवला.

"ह्यो आवाज कुणाचा गं?"

"माझाच."

"मग इतकी वर्सं कुठं ठेवलातास?"

मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. कारण नव्हतं काही. थकलेल्या माणसाला रडायला कारण लागत नाही.

गाणं करायला आम्हाला पुढचे चार शनिवार लागले. त्यातला निम्मा वेळ काय घालायचं नाही हे ठरवण्यात गेला. सुरुवातीचं वाजवणं नको. मधले तुकडे नकोत. उंच तान तर नकोच नको. प्रत्येक ओळीनंतर ॲकॉर्डियननं सूर लावायचा नाही, फक्त श्वास सोडायचा, तोच हवेच्या बटणाचा, ज्याची लाज वाटायची तो. बोंगोवर दोन थापा, त्याही बोटांनी. आमचा बोंगोवाला उद्यमनगरात ओतकाम करायचा, अंगात घोड्याची ताकद. त्यानं तालमीत विचारलं, "ह्यात मी करू काय पण?" चाचा म्हणाले, "काय करू नगंस. बसायचं गाणं हाय हे." त्याला ते पटलं नाही, पण चाचांपुढं तोंड कोण उघडणार?

हे भावगीत नव्हतं, लावणी नव्हती, भजन नव्हतं, सिनेमाचं तर नव्हतंच. चाल म्हणावी तर तीन-चार सुरांत फिरणारी. बोली आमची, घरात बोलतो ती. तसलं गाणं तोवर मी तरी कुठं ऐकलं नव्हतं, त्यामुळं त्याला काय म्हणायचं हेही आम्हाला माहीत नव्हतं. शब्द मी शाळेच्या टाचणवहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. वर पाठाचे मुद्दे, खाली गाणं.

पहिलं कडवं असं होतं:

लई झालं चालणं,
लई झालं उभं ऱ्हाणं,
टेक की जरा पाठ.
उन्हं गेली कौलावरनं,
कुणी न्हाय बघत वाट,
टेक की जरा पाठ.

आणि दुसरं:

दूध गेलं तर जाऊ दे उतू,
थंड झाला तर होऊ दे भात,
टेक की जरा पाठ.
एक दीस सोड की ओटा,
हाय की मी घरात,
टेक की जरा पाठ.

चाचांनी दुसरं कडवं ऐकलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "घरात दावलंस?"

"नाही. स्टेजवरच ऐकतील."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

माझं गणित सरळ होतं. घरात मी काही बोलले तर आमचे हे "व्हय व्हय" म्हणत वर्तमानपत्र उलटायचे. पण मी गायला लागले की ते स्टेजच्या कडेला उभं राहून, मान थोडी तिरकी करून, एक एक सूर ऐकायचे. कुठं घसरले ते घरी येऊन सांगायचे. दिवसभरात ते माझं ऐकत ते तेवढंच, आणि तेव्हाही मी दुसऱ्याच बाईच्या आवाजात असायचे. एकदा माझ्या आवाजात ऐकू देत. दुसरं कडवं त्यांच्या कानावर पडलं की त्यांना कळेल, हे वाक्य त्यांच्या तोंडून यायला हवं होतं. मला एवढंच हवं होतं. रेकॉर्ड नको होती, नाव नको होतं, वन्समोअर तर नकोच, पुन्हा उभं राहावं लागतं.

मी त्यांना सांगितलं, "एक नवीन गाणं बसवलंय. आपलं स्वतःचं." ते म्हणाले, "बघू." कार्यक्रमाची यादी ते नेहमी माझ्याच टाचणवहीच्या मागच्या पानांवर करायचे. दुसऱ्या दिवशी वही उघडली तर यादीत नवव्या नंबरला त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, "नवीन गाणं". मला भरून आलं. काही विचारलं नाही, कुरकुर केली नाही, घालून टाकलं. म्हटलं, माणसाचं मन मोठं आहे.

कार्यक्रम एका तालमीच्या पटांगणात होता, संध्याकाळचा. चारेकशे माणूस, सगळा पुरुष, आणि त्यातला निम्मा कुस्तीतला. त्या तालमीचे वृद्ध वस्ताद महिन्यापूर्वीच वारले होते. स्टेजच्या कोपऱ्यात खुर्चीवर त्यांचा फोटो हार घालून ठेवला होता. मंडळानं ह्यांना बजावून ठेवलं होतं की आधी वस्तादांना श्रद्धांजली आणि मग गाणी. पण पाहुणे उशिरा आले, माईकनं शिट्टी मारली, त्या गडबडीत आमचे हे ती गोष्ट साफ विसरले आणि एकदम धडाक्याचं गाणं सुरू करून बसले. पुढच्या रांगेत चुळबुळ झाली. कुणी काही बोललं नाही, पण कोल्हापूरचा पैलवान गप्प बसला की ते बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येतं. आठ गाणी झाली, टाळ्या अशा तशाच.

नववं गाणं आलं. चाचांनी हवा सोडली. हुश्श.

मी माझ्या आवाजात सुरू केलं, "लई झालं चालणं." मुंबईच्या बाईला मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा घरी पाठवलं होतं. माझा आवाज भोंग्यातून बाहेर पडताना ऐकून मलाच कसंतरी झालं.

पुढच्या रांगेत एक म्हातारा पैलवान बसला होता, कुस्त्यांनी कान मोडून गोळा झालेले. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग वस्तादांच्या फोटोकडं बघितलं. आणि डोक्यावरची टोपी काढून तो उभा राहिला.

ज्यांना तालीम माहीत नाही त्यांना सांगायला हवं. तालमीत वडीलधारा उठला की मागचा कुणी बसून राहत नाही. का उठला हे विचारायचं नसतं. त्याची रांग उठली, मागची उठली, बघता बघता अख्खं पटांगण उभं राहिलं, हात बांधून, माना खाली घालून. त्यांना वाटलं, राहून गेलेली श्रद्धांजली ती हीच. मी "टेक की जरा पाठ" म्हणत होते आणि चारशे माणसं उभी राहत होती.

पहिलं कडवं संपलं. चाचांनी श्वास सोडला. आता दुसरं. आणि समोर चारशे माणसं मयताला उभी असावीत तशी उभी. पुढच्या रांगेतला म्हातारा रडत होता. त्यांच्या तोंडावर मी दुधाचं आणि भाताचं कसं गाणार? चाचांनी पुन्हा एकदा हवा सोडली, वाट बघत. मी कडेला बघितलं. आमचे हे माईककडं चालत निघालेच होते.

"रसिकहो," ते म्हणाले, "वस्तादांच्या पुण्यस्मृतीस आमच्या ऑर्केस्ट्रानं खास रचलेली ही स्वरांजली. जन्मभर मातीत उभ्या राहिलेल्या त्या थोर आत्म्यास आम्ही एवढंच म्हणू शकतो, की आता विश्रांती घ्या." मग दोन क्षण थांबून म्हणाले, "कृपया सर्वांनी खाली बसावं."

सगळे बसले. मी उभी होते. दहावं गाणं उडत्या चालीचं होतं, ते मी म्हटलं, मुंबईच्या बाईच्या आवाजात.

घरी आल्यावर ते खुशीत होते. "कसं सावरलं, बघितलंस का? मार खाल्ला असता की आज." मी ओट्याशी दूध तापवत होते.

"गाणं कसं वाटलं?" मी विचारलं.

"लोकं रडली की," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

तिथून पुढं जे झालं ते बघून मी कपाळावर हात मारून घेतला. ते गाणं चाललं. असं चाललं की बोलायची सोय नाही. तालमीतून तालमीत, गावातून गावात बातमी गेली की मयताचं एक गाणं आहे, काळीज हलवतंय. शोकसभांची बोलावणी यायला लागली. कुठल्या सोसायटीचे चेअरमन गेले, बोलवा. कुणी हेडमास्तर गेले, बोलवा. शाहूवाडीकडं एका गावात वर्षश्राद्धाला नेलं, भाताच्या खाचरांच्या बांधावरून साडी वर धरून चालत गेले, आणि गायले काय, तर लई झालं चालणं. शाळेतून रजा, घरची कामं आधी उरकायची, मग एस.टी., मग उभं राहायचं. थकव्यावर केलेल्या गाण्यानं मला जेवढं थकवलं तेवढं मुंबईच्या बाईनं अकरा वर्षांत थकवलं नव्हतं.

आणि प्रत्येक सभेत एक खुर्ची असायची. तिच्यावर गेलेल्या माणसाचा फोटो. मी तिच्याशेजारी उभी राहून त्या फोटोला पाठ टेकायला सांगायचे. त्यानं ती कधीच टेकलेली असायची. एकदा तर मनात आलं, फोटो उचलावा, भिंतीला लावावा आणि आपण बसावं. असले विचार यायला लागले की समजावं, माणूस फार दमलाय.

दरवेळी पहिलं कडवं संपलं की चाचा श्वास सोडून भुवया वर करायचे. घेऊ का दुसरं? मी मान हलवायचे, नको. समोर विधवा बसलेली असे, मुलं असत. त्यांच्या दुःखात माझा ओटा कुठं घुसवू? असं करता करता वर्षं गेली. दुसरं कडवं टाचणवहीतच राहिलं.

एकदाच धीर केला. कोडोलीला एक बाई वारल्या होत्या, तिथल्या डेअरीत वर्षानुवर्षं पहाटे दूध घालून घेणाऱ्या. बाईमाणसाची शोकसभा आमच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती. समोर निम्म्या बायका, त्यातल्या कितीतरी कामावरून तशाच आलेल्या, पदरानं घाम पुसत. मला वाटलं, इथं चालेल. या बायकांना कळेल. दुधाचं गाणं दुधाच्या बाईला. चाचांनी भुवया वर केल्या आणि मी पहिल्यांदा होकार दिला. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी भाता पूर्ण ओढला, लांब श्वास सोडला, मी तोंड उघडलं. आणि आमचे हे दुसऱ्या माईकवरून म्हणाले, "या हृद्य स्वरांजलीनंतर मी अध्यक्षांना विनंती करतो…"

मला वाटलं, अध्यक्षांना घाई असेल. चाचांनी भात्याला पट्टा लावला. परतीच्या एस.टी.त पन्हाळ्याच्या बाजूनं येणारं वारं खिडकीतून तोंडावर येत होतं, आणि मी ठरवलं की बास. दुसऱ्या दिवशी ह्यांना सांगितलं, माझा गळा बसला, आता गाणं होणार नाही. गळ्याला काही झालं नव्हतं. त्यांनी डॉक्टरकडं चल म्हटलं नाही. मलाही बरंच वाटलं.

तोवर कॅसेटी आल्या होत्या. लोकांना रेडिओसारखा आवाज हवा होता, आता रेडिओच खिशात मिळत होता. ऑर्केस्ट्रा आपोआप बंद पडला, कुणी बंद केला नाही. ह्यांनी माईक गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि एका दुकानात हिशेबनीस झाले. चाचा पुढच्या हिवाळ्यात गेले. त्यांच्यात मयताला गाणं-बिणं नसतं, आणि मला कुणी गा म्हटलं नाही याचा मनातून आनंदच झाला. बायकांच्या खोलीत मी उभी होते तेव्हा त्यांच्या बायकोनं माझा हात धरून मला भिंतीपाशी नेलं. "बस. तू भित्तीलाच बसत व्हतीस न्हवं?" म्हणाली. मी बसले आणि मग मला जे रडू आलं ते दुपारपर्यंत थांबलं नाही.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी ह्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. उभ्या पेठेत खणखणीत बोलणारा माणूस, आता एका शब्दासाठी घामाघूम व्हायचा. मी त्यांची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवली, म्हणजे ओट्यावरून मान वळवली की दिसतील. सकाळी शाळेच्या वेळात शेजारीण लक्ष ठेवायची, बाकी सगळं मी. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं. थकवा आता नवीन राहिला नव्हता, तो घरातल्या माणसासारखा झाला होता. खरं सांगायचं तर मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, आणि दोन्ही घेऊन एकाच हातानं मी त्यांना पेज भरवायचे.

एका दुपारी गॅसवर दूध ठेवून मी त्यांच्या पाठीखालची चादर बदलत होते. दुधाचा चरचर आवाज आला, वास आला. मी धावणार तोच त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"अहो सोडा, दूध चाललंय."

त्यांनी सोडलं नाही. ओठ हलले, घाम आला. मी वाकले.

"दूध… गेलं तर… जाऊ दे… उतू."

मला आधी वाटलं, दुधाबद्दलच सांगताहेत. मग ते पुढं म्हणाले, "हाय की… मी… घरात." ते कडवं मी घरात किंवा स्टेजवर कधी म्हटलं नव्हतं. चाचांच्या खोलीबाहेर ते कधी गेलंच नव्हतं.

"हे तुम्ही कुठं ऐकलंत?"

"वहीत."

टाचणवहीत. यादी लिहायला मागचं पान उघडलं तेव्हा. म्हणजे नवव्या नंबरला "नवीन गाणं" लिहिलं, त्याच्या आधीच ते वाचून झालं होतं.

"म्हणजे त्या दिवशी तालमीत…"

त्यांनी डोळे मिटले. एक एक शब्द गोळा करायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे. दूध पार शेगडीखाली ओघळून गेलं होतं.

"चारशे… माणसं. फुडं… दूध… येणार हुतं. समदी… माझ्याकडं… बघितली असती. लाज वाटली. तुझं हुतं. वस्तादाला… दिलं."

"आणि कोडोलीत?"

त्यांनी मान हलवली. व्हय.

इतकी वर्षं मी समजत होते की त्यांना कळलं नाही. न कळणाऱ्या माणसावर मी माझा सगळा राग बेतून शिवला होता. तो आता त्यांच्या अंगाला बसेना. त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. कळलं म्हणूनच ते माईककडं निघाले होते, मी कडेला बघायच्या आधीच.

मला ओरडायचं होतं. माझा आवाज, माझा खालचा, जाडसर आवाज, मी गावोगाव मेलेल्या माणसांना वाटत फिरले, आणि ज्याच्यासाठी होता तो शेजारी उभा राहून वाट लावत होता. पण खाटेवर जो पडला होता त्याला ओरडून काय मिळणार? त्याची पाठ तर दोन वर्षं टेकलेलीच होती. मी मनगट सोडवलं, गॅस बंद केला. शेगडीवरचं दूध जळून काळं झालं होतं. फडकं घेतलं, पुसायला लागले.

मागून आवाज आला. "बस की."

मी वळले नाही. सोळा वर्षं आधी हे आलं असतं तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. आता मला ते नको होतं. मी म्हटलं, "न्हाय. ओटा पुसायचाय."

मी पुसत राहिले. कडाप्पा गार होता, पहिल्या दिवशीसारखाच. थोड्या वेळानं मी फडकं तिथंच टाकलं, पाट ओढला, त्यांच्या खाटेच्या लाकडाला पाठ लावून खाली बसले. त्यांनी म्हटलं म्हणून नाही. पाय फार दुखत होते.